जिवाणूच्या अंगावरची उपांगे: आधी काम पाहा, मग अवयव शोधा

जिवाणूची जी आकृती आपण सगळ्यांनी पहिल्यांदा वहीत काढली, तिच्यात एक लांबट पेशी असते, मागे नागमोडी शेपटी असते, अंगभर बारीक केस असतात आणि त्यांतला एक केस मुद्दाम लांब काढलेला असतो. शेपटी म्हणजे फ्लॅजेलम (पाठ्यपुस्तकातली कशाभिका), आखूड केस म्हणजे फिंब्री, लांब केस म्हणजे सेक्स पिलस. नावे पाठ होतात, गुणही मिळतात. पण त्या आकृतीतून एक चुकीची समजूत डोक्यात पक्की बसते: ही सगळी उपांगे प्रत्येक जिवाणूला असतात, आणि आपल्या हातापायांसारखी कायम असतात.

तसे मुळीच नाही. क्लेब्सिएला आणि शिगेला हे जिवाणू सहसा पोहत नाहीत, पण चिकटण्यात क्लेब्सिएला पटाईत असतो. लिस्टेरिया मोनोसायटोजेनिस २० ते २५ अंश सेल्सिअसला छान पोहतो आणि ३७ अंशांना ठेवला की जवळजवळ थांबतो. एश्चेरिशिया कोलाय, म्हणजे ई. कोलाय, पोहायचे ठरवतो तेव्हा चिकटण्याची सामग्री आवरती घेतो आणि चिकटायचे ठरवतो तेव्हा पोहण्याची. उपांगे ही जिवाणूने त्या वेळेपुरती काढलेली हत्यारे आहेत. म्हणून ती शिकण्याचा क्रम मी उलटा ठेवतो: आधी जिवाणू काय करतो ते डोळ्यांनी पाहायचे, आणि मग ते काम करणारा अवयव शोधायचा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

सरावासाठी ई. कोलायचा के-१२ हा निरुपद्रवी वाण आणि बॅसिलस सबटिलिस एवढे दोन पुरेसे आहेत. प्रोटियस, स्यूडोमोनास यांसारखे रोगकारक वापरायचे असतील तर सुसज्ज प्रयोगशाळा आणि जाणकार माणूस सोबत हवा. वापरलेले सगळे साहित्य ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच टाकायचे.

पायरी १: कल्चर नीट वाढवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या पुढे कुठल्याच पायरीवर दुरुस्त होत नाहीत. फ्रीजमधल्या जुन्या स्लँटवरून (नळीत तिरपे गोठवलेले माध्यम) लूपभर, म्हणजे तारेच्या कडीत मावेल एवढे कल्चर (वाढवलेले जिवाणू) घेऊन थेट स्लाइडवर ठेवले तर बहुतेक वेळा काहीच हलताना दिसत नाही. आधी ताज्या ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात टोचा, वाढू द्या, त्यातून पुन्हा ताज्या ब्रॉथमध्ये न्या. दुसऱ्या फेरीतले, अजून जोमाने वाढत असलेले कल्चर गतीसाठी घ्या. रात्रभर मुरलेल्या गढूळ ब्रॉथमधल्या पेशी बऱ्याचदा आळसावलेल्या असतात.

माध्यमात ग्लुकोज घालू नका. ई. कोलायला भरपूर ग्लुकोज मिळाले की तो फ्लॅजेला कमी बनवतो. यात आश्चर्य नाही. अन्न समोर असताना शोधायला कशाला निघायचे?

तापमानाची नोंद ठेवा. अनोळखी जिवाणू असेल तर एक नळी ३७ अंशांना आणि एक २२ ते २५ अंशांना ठेवा. यर्सिनिया एंटेरोकॉलिटिका ३७ अंशांना स्थिर आणि कमी तापमानाला गतिमान असतो. एकच नळी लावणारा माणूस त्याला गतिहीन ठरवून मोकळा होतो.

आणि हाताळणी हलकी ठेवा. फ्लॅजेलमचा धागा २० नॅनोमीटर जाडीचा आणि पेशीच्या कित्येक पट लांब असतो. व्होर्टेक्सवर (नळी गरगर हलवणारे यंत्र) जोरात घुसळले किंवा बारीक सुईतून पुन्हापुन्हा ओढले की तो तुटतो. तुटलेला धागा पुन्हा वाढतो खरा, पण त्याला वेळ लागतो.

पायरी २: लोंबत्या थेंबात पोहणे पाहा

खोलगट स्लाइड घ्या. कव्हरस्लिपच्या चारही कोपऱ्यांना किंचित व्हॅसलिन लावा, मधोमध कल्चरचा छोटा थेंब ठेवा, त्यावर स्लाइड खोलगट बाजू खाली करून टेकवा आणि सगळे झटकन उलटे करा. थेंब कव्हरस्लिपला लोंबत राहील. कमी शक्तीच्या लेन्सने आधी थेंबाची कड शोधा; ती स्पष्ट रेषेसारखी दिसते. मग ४० एक्स लावा आणि प्रकाश कमी करा. रंग न दिलेल्या पेशी पाण्याइतक्याच पारदर्शक असतात, त्यामुळे भरपूर प्रकाशात त्या विरून जातात.

आता तीन प्रकारच्या हालचाली वेगळ्या ओळखायच्या. सगळ्या पेशी एकाच दिशेने सरकत असतील तर तो द्रवाचा प्रवाह आहे. जागच्या जागी थरथरत असतील तर पाण्याच्या रेणूंचे धक्के बसताहेत. ती ब्राउनियन हालचाल, आणि ती मेलेल्या पेशीतही असते. दोन शेजारच्या पेशी एकमेकींना ओलांडून विरुद्ध दिशांना गेल्या तरच ते पोहणे. डोळा तयार नसेल तर त्याच कल्चरचा थोडा भाग ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मारा आणि त्याचा थेंब शेजारी लावा. ही तुलना एकदा केली की थरथर आणि पोहणे यांत पुन्हा गफलत होत नाही.

ई. कोलाय नीट पोहत असेल तर त्याची एक लय दिसेल. साधारण सेकंदभर सरळ धाव, मग क्षणभर गडबडून गिरकी, मग नव्याच दिशेने धाव. सेकंदाला २० ते ३० मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापटीहून जास्त. ती गिरकी लक्षपूर्वक पाहा. फ्लॅजेलमचे निम्मे मर्म तिच्यात आहे.

तो धागा सापाच्या शेपटीसारखा वळवळत नाही. जहाजाच्या पंख्यासारखा गोल फिरतो. १९७३ साली हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी उपलब्ध पुराव्यांवरून हे मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी धागा प्रतिपिंडाने काचेला बांधून टाकला आणि दाखवले की मग पेशीच धाग्याभोवती गरगर फिरते. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो. जे दिसत नाही त्याला बांधून ठेवले आणि जे दिसते त्याला फिरायला लावले.

ई. कोलायचे सगळे धागे, बाहेरून पेशीकडे पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात तेव्हा त्यांची एकच जुडी होते आणि पेशी सरळ धावते. एखादी मोटर काट्यांच्या दिशेने फिरली की जुडी सुटते आणि गिरकी बसते. पेशीला वळता येत नाही. तिला फक्त एवढेच ठरवता येते की धाव लांबवायची की लवकर तोडायची. अन्नाची मात्रा वाढत असेल तर धाव लांबते, घटत असेल तर गिरक्या वाढतात. एवढ्या साध्या नियमावर ती अन्नापर्यंत पोचते.

थेंबात आणखी एक गोष्ट जाणवेल: मोटर थांबली की पेशी त्याच क्षणी थांबते. आपण पोहताना हात थांबवले तरी थोडे पुढे घसरतो. जिवाणूच्या आकाराला पाणी मधाहूनही घट्ट लागते, आणि त्याची घसरण एका अणूच्या व्यासापेक्षाही कमी भरते. म्हणून मोटर सतत चालू ठेवावी लागते.

पायरी ३: मऊ अगरमध्ये खात्री करा

थेंबात गती दिसली नाही म्हणून फ्लॅजेला नाहीत असे लिहू नका. काही पेशी कव्हरस्लिपखाली प्राणवायू संपला की थांबतात. नळीत ०.३ ते ०.४ टक्के अगरचे (माध्यम घट्ट करणारा पदार्थ) माध्यम घ्या, सरळ सुईने मधोमध एकदाच खोल टोचा आणि सुई त्याच रेषेतून बाहेर काढा. सुई हलली तर वाढ पसरल्यासारखी दिसते आणि निकाल बिघडतो. टीटीसी हा रंगहीन पदार्थ आधीच मिसळला असेल तर वाढणारे जिवाणू त्याचे लाल रंगात रूपांतर करतात आणि पसरण स्पष्ट दिसते. फक्त टोचलेल्या रेषेवर लाली असेल तर गती नाही. लाली धुक्यासारखी बाजूला पसरली असेल तर आहे. लिस्टेरिया खोलीच्या तापमानाला पृष्ठभागाखाली छत्रीसारखा पसरतो, कारण त्याला थोडाच प्राणवायू मानवतो.

त्याहून मजेदार प्रयोग पेट्री डिशमध्ये होतो. ट्रिप्टोनच्या (पचवलेल्या प्रथिनांच्या) पातळ, ०.२५ टक्क्यांच्या आसपासच्या अगरमध्ये मधोमध ई. कोलाय टोचा आणि ३० अंशांना ठेवा. काही तासांनी एकात एक वर्तुळे दिसू लागतात. बाहेरचे वर्तुळ सेरीन हे अमिनो आम्ल खात पुढे सरकणाऱ्यांचे, आतले अॅस्पार्टेटच्या मागे निघालेल्यांचे. वाण मंद वाटला तर बाहेरच्या कडेवरून थोडे उचलून पुन्हा नव्या प्लेटमध्ये टोचा. दोन-तीन फेऱ्यांत चांगले पोहणारे वेगळे निघतात.

पायरी ४: फ्लॅजेलम डोळ्यांनी पाहा

साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. २० नॅनोमीटरचा धागा दिसावा म्हणून त्यावर टॅनिक आम्लाचा थर चढवून तो जाड करावा लागतो. लाइफसनची पद्धत प्रसिद्ध आहे, पण नवशिक्याने र्‍यू पद्धतीपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तीत वाया जाणाऱ्या स्लाइड कमी.

पहिले द्रावण: ५ टक्के फिनॉल १० मिलिलिटर, टॅनिक आम्ल २ ग्रॅम, तुरटीचे संपृक्त द्रावण १० मिलिलिटर. दुसरे: इथेनॉलमधले क्रिस्टल व्हायोलेटचे संपृक्त द्रावण. पहिल्याचे १० भाग आणि दुसऱ्याचा १ भाग मिसळून गाळून घ्या. फिनॉल त्वचा भाजते, हातमोजे घाला.

काचेची स्लाइड तेलाचा अंशही नसलेली हवी. तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवा, प्लेटवरच्या ताज्या वसाहतीला लूपचे टोक नुसते टेकवा आणि ते थेंबात हलकेच बुडवा. ढवळू नका, पसरवू नका, ज्योतीवर धरू नका. कव्हरस्लिप ठेवा आणि पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे काही पेशी काचेला चिकटून स्थिर होतील. मग कव्हरस्लिपच्या कडेला रंगाचे दोन थेंब सोडा. ते आपोआप आत खेचले जातात. दहा-पंधरा मिनिटांनी ऑईल इमर्शन लेन्स लावा. जिथे रंग आणि पाणी यांची सीमा आहे तिथे सर्वात स्वच्छ दिसते. पेशी भरपूर असतील तर गर्दीत शोधू नका, एकटी पडलेली पेशी शोधा.

आता मांडणी लिहायची. एका टोकाला एकच धागा: पटकीचा व्हिब्रिओ कॉलरी आणि स्यूडोमोनास एरुजिनोसा. दोन्ही टोकांना एकेक: कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. एका टोकाला झुपका: हेलिकोबॅक्टर पायलोरी, जो जठरातल्या घट्ट श्लेष्म्यातून वाट काढतो. अंगभर: ई. कोलाय, साल्मोनेला, प्रोटियस. ट्रेपोनेमा आणि लेप्टोस्पायरा यांच्यात धागे शोधत बसू नका. ते असतात, पण बाहेरच्या पटलाच्या आत गुंडाळलेले, आणि ते फिरले की अख्खी पेशी मळसूत्रासारखी फिरते.

स्लाइडवर दिसतो तो फक्त धागा. फ्लॅजेलिन या एकाच प्रथिनाच्या हजारो प्रती रचून तो बनतो. त्याच्या बुडाशी वाकडी कडी असते आणि कडीखाली पटलात रोवलेली मोटर. ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ई. कोलायसारख्या दोन पटले असलेल्या जिवाणूत या बैठकीला बाहेरचे पटल आणि पेशीभित्तिका ओलांडण्यासाठी एल आणि पी ही जास्तीची वलये असतात. ग्रॅम-पॉझिटिव्हमध्ये बाहेरचे पटलच नाही, म्हणून ती नाहीत. मोटर एटीपीवर, म्हणजे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जा-रेणूवर चालत नाही. पटलाबाहेरून आत शिरणारे हायड्रोजन आयन तिला फिरवतात, ई. कोलायमध्ये सेकंदाला सुमारे ३०० फेऱ्यांपर्यंत. सागरी व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसची मोटर सोडियम आयनांवर चालते आणि तिच्या सेकंदाला १,७०० पर्यंत फेऱ्या मोजल्या गेल्या आहेत.

धागा वाढतो तो मात्र बुडातून नव्हे, टोकाकडून. तो आतून पोकळ असतो. नवे फ्लॅजेलिन त्या जेमतेम २ नॅनोमीटरच्या नळीतून उलगडलेल्या स्थितीत टोकापर्यंत जाते आणि टोकावरच्या टोपीखाली घडी होऊन बसते. याच रचनेची एक भावंड-यंत्रणा साल्मोनेला, शिगेला आणि यर्सिनिया वापरतात. तिच्यात लांब धाग्याऐवजी आखूड सुई असते, आणि तिच्यातून प्रथिने थेट आपल्या पेशीत टोचली जातात.

पायरी ५: चिकटणे तपासा

इथे नावांचा घोळ आधी सोडवू. १९५५ साली ड्युगुइड आणि सहकाऱ्यांनी ‘फिंब्री’ हा शब्द वापरला, १९५९ साली ब्रिंटन यांनी ‘पिलाय’. दोन्ही आजही चालतात, बऱ्याचदा एकाच अर्थाने. चिकटण्याच्या आखूड केसांना फिंब्री आणि डीएनए देण्याच्या किंवा आखडणाऱ्या धाग्यांना पिलाय म्हटले तर गोंधळ कमी होतो, म्हणून मी तसे म्हणतो.

ई. कोलायची टाइप १ फिंब्री सुमारे ७ नॅनोमीटर जाड असते आणि तिच्या टोकावरचे फिमएच हे प्रथिन मॅनोज साखरेला पकडते. यीस्टच्या पेशीभित्तिकेत मॅनोजच्या साखळ्या भरपूर असतात, म्हणून रक्त न वापरता परीक्षण जमते. ई. कोलाय ब्रॉथमध्ये ३७ अंशांना न हलवता ४८ तास वाढवा, त्यातून पुन्हा तसेच एक-दोनदा. पृष्ठभागावर पातळ साय धरली तर ते चांगले लक्षण. स्लाइडवर जिवाणूंचा दाट थेंब आणि बेकरी यीस्टचा पातळ थेंब मिसळा, स्लाइड हळू झुलवा. काही मिनिटांत रवाळ गुठळ्या दिसतील. शेजारी तेच मिश्रण २-३ टक्के मॅनोज घालून लावा; तिथे गुठळ्या होऊ नयेत. हा दुसरा थेंब नसेल तर पहिल्याला काही अर्थ नाही, कारण पेशी इतर कारणांनीही गोळा होतात. जोडीला नुसत्या यीस्टचा आणि नुसत्या जिवाणूंचा थेंबही ठेवा.

फिमएचची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. ओढ बसली की त्याची पकड सैल होत नाही, घट्ट होते. मूत्रमार्गात लघवीच्या प्रवाहाने जिवाणू धुऊन जावा अशी शरीराची योजना असते, आणि हा नेमका त्या प्रवाहातच जास्त चिवटपणे धरून राहतो. मूत्रपिंडापर्यंत पोचणाऱ्या वाणांकडे अनेकदा वेगळी, पी फिंब्री असते. ती तिथल्या पेशींवरची दोन गॅलॅक्टोजची जोडी ओळखते आणि मॅनोजला दाद देत नाही.

एकाच नळीतल्या सगळ्या पेशींना फिंब्री नसतात हेही ध्यानात असू द्या. डीएनएचा एक छोटा तुकडा सुलटा-उलटा होतो आणि त्यावर फिंब्री चालू की बंद हे ठरते.

कर्ली नावाचे गुंतागुंतीचे धागे वेगळेच. मीठ नसलेल्या अगरमध्ये काँगो रेड हा रंग घालून २८ अंशांना ४८ तास वाढवले तर कर्ली बनवणाऱ्या वसाहती लाल होतात. बायोफिल्मच्या, म्हणजे पृष्ठभागावर जमणाऱ्या जिवाणूंच्या चिकट थराच्या विणीत त्यांचा मोठा वाटा असतो. मात्र सेल्युलोजही हा रंग थोडा धरतो, म्हणून नुसत्या लालीवरून निर्णय नको.

पायरी ६: आखडणारे धागे

टाइप ४ पिलस म्हणजे सुमारे ६ नॅनोमीटरचा गळ. तो लांब होतो, पुढे कुठेतरी चिकटतो आणि आत ओढला जातो. पेशी त्यामागे फरपटत जाते. एका धाग्याची ओढ १०० पिकोन्यूटनच्या (न्यूटनचा अब्जांशाचा हजारावा भाग) वर जाते. ते पाहण्यासाठी १ टक्का अगरच्या पातळ प्लेटमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा तळाच्या प्लास्टिकपर्यंत टोचतात, एक-दोन दिवसांनी अगर उचलून टाकतात आणि तळ क्रिस्टल व्हायोलेटने रंगवतात. जांभळे वर्तुळ म्हणजे सरपटीची हद्द. हा जिवाणू रोगकारक आहे, तेव्हा घरगुती उत्साह इथे नको. व्हिब्रिओ कॉलरी अशाच एका पिलसने आजूबाजूचा डीएनए पकडून आत ओढतो.

पायरी ७: देवाणघेवाण

१९४६ साली जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी ई. कोलायच्या दोन वाणांत जनुकांची देवाणघेवाण दाखवली. दाता पेशीतला एफ प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे वर्तुळ) एफ पिलसची, म्हणजे आकृतीतल्या सेक्स पिलसची कृती सांगतो. तो धागा ग्राहकाला गाठतो, आखडतो आणि दोघांना जवळ आणतो. मग प्लाझ्मिडच्या दोन पट्ट्यांपैकी एक पलीकडे जाते आणि दोन्हीकडे जोडीची पट्टी नव्याने बनते. म्हणजे दात्याचे काही जात नाही, आणि ग्राहक नवा दाता होतो.

प्रयोगासाठी एफ प्लाझ्मिडवर टेट्रासायक्लीनरोध असलेला दाता आणि गुणसूत्रावर स्ट्रेप्टोमायसीनरोध असलेला ग्राहक घ्या. दोन्ही जोमाने वाढत असताना मिसळा, ३७ अंशांना तासभर न हलवता ठेवा आणि दोन्ही प्रतिजैविके असलेल्या प्लेटवर पसरा. दाता एकटा आणि ग्राहक एकटा अशा दोन प्लेटही हव्यातच. त्यांवर काही उगवता कामा नये. मुरलेला, उपाशी दाता घेतला तर तो एफ पिलस बनवायचे थांबवतो आणि ग्राहकासारखा वागू लागतो. वसाहती न आल्याचे हे फार नेहमीचे कारण.

शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

तो उपलब्ध असेल तर सगळ्यात शेवटी वापरा. पेशी हलक्या हाताने जाळीवर बसवून फॉस्फोटंगस्टिक आम्लाने निगेटिव्ह स्टेन करतात, म्हणजे पेशीऐवजी भोवतीची जागा गडद करतात, आणि गडद पार्श्वभूमीवर धागे उजळ दिसतात. जाड, लांब, नियमित लाटांचा तो फ्लॅजेलम. सरळ, आखूड, भरपूर त्या फिंब्री. एखाददुसरा, लांब, लवचिक तो एफ पिलस किंवा टाइप ४. नुसत्या रूपावरून या दोघांत निर्णय देऊ नका, आधीच्या पायऱ्यांतले काम काय सांगते ते पाहा. दिसण्यावरून फसगत तज्ज्ञांचीही झाली आहे. जिओबॅक्टर सल्फरर्‍युड्युसेन्स या जिवाणूचे वीज वाहून नेणारे धागे बरीच वर्षे पिलाय मानले गेले. २०१९ साली त्यांची बारीक रचना उलगडली तेव्हा ते ओएमसीएस या सायटोक्रोम, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनाचे निघाले. कॉलोबॅक्टर या जिवाणूचा देठही जाळीवर उपांगासारखा दिसतो, पण तो पेशीच्या आवरणाचाच लांबलेला भाग आहे. फॉस्फेट कमी पडले की तो आणखी लांबतो, आणि त्याच्या टोकाला चिवट डिंकासारखा पदार्थ असतो.

वहीत आकृती काढाल तेव्हा तिच्याखाली वाण, माध्यम, तापमान, कल्चरचे वय आणि ते हलवले होते की नाही, ही पाच टिपणे लिहा, आणि जे धागे तुम्हाला दिसले तेवढेच काढा.